डुप्लिकेटला लागत नाही का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची दुपार, बाहेर संततधार. बहीण आणि मेव्हणे एका लग्नाला गेलेले, त्यामुळे सात वर्षांचा भाचा दिवसभर माझ्याकडे. थालीपीठ खाऊन झालं, पत्ते खेळून झाले, आणि मग टीव्हीवर कुठलासा मारामारीचा सिनेमा लागला होता तो आम्ही दोघं बघत बसलो. नायक गच्चीवरून खाली पडतो असा प्रसंग आला. भाच्याने माझा दंड घट्ट धरला आणि डोळे गच्च मिटून घेतले. मोठी माणसं सहज बोलून जातात तसं मी बोलून गेले, "अरे, घाबरतोस काय? तो खरा नाहीये. डुप्लिकेट असतो तो." त्याने एक डोळा किलकिला केला. तोवर नायक उठून कपडे झटकून पळायलाही लागला होता. भाचा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग डुप्लिकेटला लागत नाही का गं, मावशी?"

मी काहीतरी उत्तर दिलं. खाली गाद्या असतात, पुठ्ठ्याचे खोके रचलेले असतात, कमरेला तार बांधलेली असते. त्याचं समाधान झालं असावं, कारण दुसऱ्या मिनिटाला त्याला भूक लागली. पण रात्री भांडी घासून ओटा पुसताना माझंच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं. तो खरा नाहीये. गच्चीवरून जो खरोखर खाली आला, ज्याच्या पाठीने ती गादी झेलली, तो खरा नाही. आणि ज्याने बाजूला उभं राहून फक्त 'उठण्याचा' भाग केला, तो खरा. हे मी म्हणावं? जिने वयाची सात वर्षं दोरीच्या मल्लखांबावर काढली तिने?

मिरजेला आमच्या घरापासून दहा मिनिटांवर व्यायामशाळा होती. आत शिरलं की आधी एरंडेलाचा वास यायचा, मग राळेचा, मग घामाचा. मुलं सागवानी खांबावर आणि आम्ही मुली दोरीवर. ही दोरी मूळ वेताच्या मल्लखांबाची जागा घेऊन आली असं सर सांगायचे, आणि वेताचा काटेकोरपणा त्यांनी आमच्याकडून दोरीवरही करून घेतला. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि सगळं अंग त्या चिमटीवर तोलायचं. पहिले सहा महिने त्या बेचक्यातली कातडी सोलून निघायची. मग तिथे घट्टा पडला. तो अजून आहे, नखभर, बोट फिरवलं की कळतो. मांड्यांवर दोराचे वळ असायचे ते आईपासून लपवायला मी उन्हाळ्यातही लांब परकर घालायची. पण हे सगळं नंतरचं. पहिल्या आठवड्यात सरांनी आम्हाला दोराला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी पडायला शिका, म्हणाले. हनुवटी छातीला टेकवा. श्वास सोडा, कोंडून ठेवू नका. जमिनीला तळहात देऊ नका, मनगट जाईल. कोपरापासून पंजापर्यंतचा सगळा हात एकदम आपटा म्हणजे मार वाटला जातो. आठवडाभर आम्ही नुसत्या पडत होतो. फट्, फट्, फट्. त्या आवाजाने वर छपरातली कबुतरं उडायची.

पडणं हे शिकून घ्यावं लागतं, हे मला वयाच्या नवव्या वर्षी कळलं होतं.

त्या रात्री मला मिच गेलॉर्ड आठवला, पुढे सिनेमात डुप्लिकेट झालेला एक अमेरिकन जिम्नॅस्ट. हे नाव मला माणूस म्हणून माहीत होण्याआधी एका करामतीचं नाव म्हणून माहीत होतं. जिम्नॅस्टिकमध्ये एक फार सुंदर पद्धत आहे. मोठ्या स्पर्धेत एखाद्याने आजवर कुणी न केलेली करामत करून दाखवली की ती पुढे त्याच्या नावाने ओळखली जाते. पुढची कित्येक वर्षं जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला एखादा मुलगा ती करायला शिकतो, तेव्हा त्याचे प्रशिक्षक त्याला ओरडून सांगतात ते मूळ माणसाचं आडनावच असतं. आमच्या व्यायामशाळेतले सिंगल बारवाले दादा लोक 'गेलॉर्ड, गेलॉर्ड' असं काही बोलायचे तेव्हा मला तो एखादा इंग्रजी शब्द वाटायचा. झोका, कोलांटी, गिरकी, तसाच गेलॉर्ड. तो लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाईज भागात 1961 साली जन्मलेला एक माणूस आहे, हे मला पुष्कळ नंतर समजलं.

ती करामत नीट बघण्यासारखी आहे. सिंगल बार म्हणजे अवघी 28 मिलिमीटर जाडीची पोलादी कांब. दोन खांबांवर बसवलेली, खांब तारांनी चहूबाजूंनी ताणलेले, आणि कांब जमिनीपासून 2.8 मीटरवर. खेळाडू हाताला पांढरी पूड चोळतो, तळव्यावर चामडी पट्टा चढवतो. त्या पट्ट्यात बोटांच्या मुळाशी एक बारीक दांडी शिवलेली असते, तिच्यामुळे बार मुठीत अडकून राहतो. मग तो बारभोवती पूर्ण चक्रं घेऊ लागतो. अंग खालच्या टोकाला येतं तेव्हा वजनाने ती पोलादी कांब धनुष्यासारखी खाली वाकते, आणि वर जाताना तीच कांब त्याला ढकलते. अशा एका झोक्यावर गेलॉर्ड बार सोडतो. अंग गोळा करून बारच्याच वरून कोलांटी घेत पलीकडे जातो आणि खाली येता येता पुन्हा बार पकडतो. लिहायला दोन वाक्यं लागली, बघायला एक सेकंदही लागत नाही. यूट्यूबवर मी ते इतक्या वेळा थांबवून पाहिलं आहे की मला त्यातला एक क्षण पाठ झाला आहे. तो बारच्या बरोब्बर वर आहे, दोन्ही हात रिकामे, पुडीचा पांढरा धूर त्याच्याखाली अजून तरंगतोय. त्या क्षणी त्याचा जगात कशालाच स्पर्श नाही.

मराठीत सोडणं आणि सुटणं हे दोन वेगळे शब्द आहेत याचं मला तेव्हा फार बरं वाटलं. गेलॉर्डने बार सोडला होता. बार सुटला नव्हता. सगळं जिम्नॅस्टिक या दोन शब्दांच्या मधल्या फटीत राहतं.

1984 चं लॉस एंजेलिस म्हटलं की आपल्याकडे कुणालाही पी. टी. उषाच आठवते, चारशे मीटर अडथळ्यांत एक शतांश सेकंदाने हुकलेलं ते कांस्यपदक. आमच्या घरात तर तो विषय निघाला की बाबा अजूनही हळहळतात. त्याच शहरात, उषाच्या शर्यतीच्या आठवडाभर आधी, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये सहा अमेरिकन मुलांनी सांघिक सुवर्ण जिंकलं. त्यांतले तिघे, पीटर विडमार, टिम डॅगेट आणि मिच गेलॉर्ड, त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी. म्हणजे स्वतःच्या कॉलेजच्या सभागृहात, ओळखीच्या छपराखाली. रशियन संघ बहिष्कारामुळे आला नव्हता, त्यामुळे काही लोक त्या पदकाकडे जरा नाक मुरडून बघतात. मला ते पटत नाही. समोर चीनचा संघ होता, आदल्याच वर्षी रशियाला मागे टाकून विश्वविजेता झालेला, आणि त्यात त्यांचा जगज्जेता जिम्नॅस्ट लि निंग होता. त्या चीनला अमेरिकेने हरवलं ते 0.6 गुणांनी. 591.40 विरुद्ध 590.80. त्या काळी उपकरणावरून पडलं की अर्धा गुण जायचा, आणि उतरताना एखादं छोटं पाऊल सरकलं की 0.1. आता बेरीज करून बघा. अर्धा आणि एक दशांश. सहा जणांच्या इतक्या सगळ्या फेऱ्यांनंतर दोन संघांमध्ये उरलं होतं ते एक पडणं आणि एक सरकलेलं पाऊल, एवढंच.

शेवटच्या फेरीत डॅगेटने सिंगल बारवर पूर्ण 10 गुण मिळवले, आणि ते सभागृह उठून उभं राहिलं. गेलॉर्डनेही त्या ऑलिंपिकमध्ये पूर्ण 10 पाहिले. वैयक्तिक प्रकारांत त्याला व्हॉल्टचं, म्हणजे धावत येऊन उपकरणावरून घ्यायच्या उडीचं, रौप्य मिळालं, रिंग्जचं आणि पॅरलल बारचं कांस्य. व्हॉल्टचं ते रौप्य चौघांत वाटलं गेलं होतं, आणि त्या चौघांत लि निंगही होता. तो पुन्हा येणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवते.

मग पुढे काय?

हा प्रश्न कुठल्याही जिम्नॅस्टला इतर खेळाडूंपेक्षा फार लवकर भेटतो. क्रिकेटवाला तिशीत ऐन भरात असतो. जिम्नॅस्टच्या खांद्यांनी, मनगटांनी, घोट्यांनी तोवर तीन आयुष्यांचं काम केलेलं असतं. डॅगेटचं काय झालं ते मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून ठेवलं होतं. 1987 साली रॉटरडॅमच्या जागतिक स्पर्धेत व्हॉल्टवरून उतरताना त्याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली, रक्तवाहिनी फाटली, पाय वाचतो की जातो अशी वेळ आली. तीनच वर्षांपूर्वी ज्या पायांवर तो सिंगल बारवरून उतरून गच्च उभा राहिला होता, तेच पाय. आणि कर्ट थॉमस? तो तर सगळ्यात आधीचा, 1978 चा जमिनीवरच्या कसरतींचा विश्वविजेता. त्याचं ऑलिंपिक 1980 चं होतं, आणि त्या वेळी बहिष्कार अमेरिकेचा होता. त्याच्या खांद्यांत तयार होऊन बसलेलं ते सगळं तिथेच राहिलं. पुढे त्यालाही सिनेमावाल्यांनी बोलावलं. सुंदर शरीर दिसलं की कॅमेऱ्याला मोह होतोच.

गेलॉर्डलाही आधी बोलावलं ते नायक म्हणून. 1986 साली 'अमेरिकन अँथम' नावाचा सिनेमा आला. त्यात तो जिम्नॅस्टच झाला होता. सिनेमा चालला नाही. मी तो तुकड्यातुकड्यांत पाहिला आहे. तो बारवर असतो तेव्हा डोळे हटत नाहीत, आणि तो बोलायला लागतो तेव्हा त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. ते पाहताना मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला हवेत असताना आपल्या करंगळीची जागाही माहीत असते, त्याला एका खोलीत उभं राहून 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणताना दोन हातांची अडचण व्हावी. चेहरा हे त्याचं काम नव्हतं. त्याचं काम मानेच्या खाली सुरू होत होतं.

आणि मग 1995 चा 'बॅटमन फॉरेव्हर'. त्यातला रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, हा सर्कशीतल्या झुल्यावर खेळणाऱ्या घराण्यातला मुलगा. आईबाप, भाऊ, सगळे उंच झुल्यांवर काम करणारे, आणि एका खेळात त्याच्या डोळ्यांदेखत सगळे खाली पडून मरतात, हा एकटा वर उरतो. हे काम ख्रिस ओ'डॉनेल या नटाने केलं. आणि त्याचा डुप्लिकेट होता मिच गेलॉर्ड. चित्रीकरणाच्या वेळी ओ'डॉनेल चोविशीचा, गेलॉर्ड तेहतीस वर्षांचा, दहा वर्षांपूर्वीचा सुवर्णपदकवाला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनात जे आलं ते प्रामाणिकपणे सांगते. अरेरे, असं आलं. ज्याच्या नावाने करामत ओळखली जाते, त्याने दुसऱ्याच्या कपड्यांत, दुसऱ्याच्या केसांत, चेहरा कॅमेऱ्यापासून फिरवून उड्या माराव्यात. ऑलिंपिकमध्ये अंगावर देशाचं नाव असतं, उडीआधी तुमचं नाव पुकारलं जातं, हात वर करून परीक्षकांना सांगावं लागतं की मी आहे, मी आता करणार आहे, बघा. आणि इथे बघणाऱ्याला तुम्ही आहात असं एक क्षणभर जरी वाटलं तरी तुमचं काम फसलं. मी तो सिनेमा पुन्हा लावला आणि गेलॉर्डला शोधायला लागले. चेहरा शोधून उपयोग नव्हता म्हणून पाय बघू लागले. जिम्नॅस्टचा पंजा तुम्ही झोपेतही ओळखाल, अंगठ्यापर्यंत ताणलेला, घोट्यापासून एक सरळ रेघ. आमचे सर म्हणायचे, पंजा सैल सोडला की सगळी करामत फाटक्या पिशवीसारखी दिसते. पण सिनेमात नेमका तोच ताणलेला पंजा चोरी पकडून देतो. मारामारीत फेकला गेलेला माणूस पंजे ताणून कशाला उडेल? म्हणजे या माणसाला इथे आधी सगळं विसरावं लागलं असणार. दोन पाय जोडून उतरणं विसरायचं. कमरेची रेघ विसरायची. हात जिथे नेमके जायला हवेत तिथे ते जाऊ द्यायचे नाहीत, ते भेदरलेल्या माणसाच्या हातांसारखे हवेत फडफडले पाहिजेत. आणि तरीही प्रत्यक्षात, आतून, सगळं मोजलेलं हवं, कारण खाली पोचल्यावर मान तर वाचली पाहिजे. वर्षानुवर्षं जो माणूस न पडायला शिकला, त्याने पडल्यासारखं दिसायला शिकायचं. बार सोडायचा, पण सुटला असं वाटलं पाहिजे.

हे मला करता आलं नसतं.

आणि मग ते 'अरेरे' हळूहळू विरघळायला लागलं. दहावीच्या वर्षी माझा मल्लखांब सुटला. सोडला नाही, सुटला. अभ्यास होता, उंची वाढली होती, कोपर एकदा निखळून आलं होतं, आणि घरात 'आता पुरे' असं कुणी म्हणालं नाही पण सगळ्यांना वाटत होतं. त्यानंतरची दोन वर्षं कशी गेली ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. झोपेत पायाची ती दोन बोटं आपोआप मिटायची, बेचक्यात दोर आहे असं वाटून. कॉलेजच्या आवारात वडाच्या पारंब्या होत्या. एकदा संध्याकाळी कुणी नाही असं बघून मी सलवार-कमीजमध्ये पारंबीवर चढले आणि वर जाऊन एक आसन लावलं, डोकं खाली, हात सोडलेले. किती वेळ होते कोण जाणे. खालून एक गुरं राखणारे आजोबा गेले, त्यांनी वर पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेले. त्या वेळी कुणी मला येऊन म्हणालं असतं, की पोरी, तुझा चेहरा दिसणार नाही, नाव लागणार नाही, दुसरीच्या साडीत तुला लटकायचं आहे, पण दोर मिळेल, रोज मिळेल, तर मी एका पायावर गेले असते. मिच गेलॉर्डला काय वाटलं असेल ते त्याचं त्याला ठाऊक. मी माझ्या बोटांच्या बेचक्यावरून बोलते आहे. शरीराला एकदा हवेत राहायची सवय लागली की त्याला नाव-गाव-टाळ्या यांचं फारसं कळत नाही. त्याला फक्त पुन्हा वर जायचं असतं.

लि निंगची आठवण इथे येते. सोलच्या 1988 च्या ऑलिंपिकमध्ये हा जगज्जेता माणूस पडला, सगळ्यांसमोर, आणि मायदेशी त्याचं स्वागत फार कोरडं झालं. त्यानंतर वीस वर्षांनी, बीजिंगच्या 2008 च्या ऑलिंपिकची ज्योत पेटवायला त्यालाच बोलावलं. चाळिशी ओलांडलेला लि निंग तारांना बांधलेला, हातात मशाल, त्या प्रचंड स्टेडियमच्या कडेकडेने हवेत धावत गेला. मी तेव्हा तो सोहळा टीव्हीवर पाहिला होता आणि रडले होते, नेमकं का ते तेव्हा कळलं नव्हतं. आता वाटतं, पॉली पॅव्हिलियनमध्ये एकमेकांसमोर खेळलेले, व्हॉल्टचं एकच रौप्य वाटून घेतलेले हे दोघे. दोघांनाही पुढे तारेने वर उचललं. एकाला सगळ्या जगासमोर, स्वतःच्या नावाने. दुसऱ्याला दुसऱ्याच्या नावाखाली. तारेला दोघांचं वजन सारखंच लागलं असेल.

नावाचा प्रश्न मात्र विरघळत नाही. तिथे माझा राग राग होतो, आणि तो मला गिळायचा नाहीये. आपल्याकडे 'शोले' कुणी पाहिला नाही? बसंतीचा टांगा धावतो, मागे डाकू लागतात, पोटात खड्डा पडतो. त्या टांग्यावर हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होती. कित्येक वर्षं किती घरांत ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं आणि किती जणांना हे नाव माहीत होतं? मला नव्हतं. त्याआधीच्या काळात तर नायिकेच्या जागी पुरुषांनाच टोप आणि साडी घालून उडी मारायला लावत. म्हणजे बाईचं धाडस पुरुष करणार, आणि पुढे बाईने केलं तर ते दुसऱ्याच बाईच्या नावावर जाणार. शिवाय पुरुष डुप्लिकेटच्या कोटाखाली, पँटखाली पॅड बांधता येतात. चोळी-घागऱ्यात पॅड कुठे लपवणार? कोपरं, गुडघे उघडे. मला माझे वळ आठवतात आणि लांब परकर आठवतो. मी ते आईपासून लपवत होते. या बायकांचे वळ कॅमेऱ्यापासून लपवावे लागत असतील, कारण नायिकेच्या अंगावर वळ असून चालत नाही.

ऑस्करवाल्यांनी 2025 साली जाहीर केलं की 2027 मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून स्टंटच्या कामाला वेगळा पुरस्कार दिला जाईल. 1929 पासून हे पुरस्कार चालू आहेत. वेशभूषेला आहे, केशभूषेला आहे, ध्वनीला आहे. आणि जी माणसं मूकपटांच्या काळापासून धावत्या गाड्यांवरून उड्या मारत आली, त्यांच्यासाठी जवळजवळ शंभर वर्षं लागली. चांगलं झालं हे मनापासून म्हणते. उशीर झाला हेही तितक्याच मनापासून.

त्या रात्री मी 'बॅटमन फॉरेव्हर' शेवटपर्यंत चालू ठेवला. नावांची पाटी सुरू झाली की आपण सगळे उठतो, दिवे लावतो, चपला शोधतो. मी बसून राहिले. नावं वर सरकत होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. सुतार, रंगारी, गाडी चालवणारे, जेवण वाढणारे. स्टंटवाल्यांची रांग आली तेव्हा मी उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचत गेले. काचेवर बोटांचे ठसे उमटले. दुसऱ्या दिवशी कामवाल्या मावशींनी विचारलं, "ताई, पोराने टीव्हीला हात लावला वाटतं?" मी म्हटलं, नाही, मीच.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला. या वेळी चार दिवस राहायला. पहिल्याच संध्याकाळी तो सोफ्याच्या हातावर उभा राहून खाली उडी मारायच्या तयारीत होता. माझ्या तोंडून 'पडशील' निघणार होतं. ते मी आवरलं आणि त्याला म्हटलं, "मागे तू मला एक विचारलं होतंस, आठवतं? डुप्लिकेटला लागत नाही का? मी तुला बरोबर उत्तर दिलं नव्हतं. लागतं त्याला. तुला-मला लागतं तसंच लागतं. आणि तो खराच असतो." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग तो रडत का नाही?" मी म्हटलं, "त्याला पडायला शिकवलेलं असतं."

"मला शिकव."

आतल्या खोलीतल्या दोन गाद्या ओढत आणल्या, एकीवर एक टाकल्या. टीपॉय भिंतीला सरकवला. माझं पंचेचाळीस वर्षांचं कोपर आहे, निखळून बसवलेलं, त्यामुळे जरा भीती वाटली, पण दाखवल्याशिवाय कसं शिकवणार? हनुवटी छातीला टेकवली. श्वास सोडला. गुडघ्यात वाकून मागे गेले आणि दोन्ही हात कोपरापासून आपटले. फट्. इतक्या वर्षांनी तोच आवाज. खालच्या मजल्यावरच्या आजी उद्या विचारतील, विचारू देत. भाच्याने पहिल्यांदा तळहात टेकवला, दुसऱ्यांदा डोकं मागे पडलं, तिसऱ्यांदा श्वास कोंडला म्हणून पाठीला झोंबलं. डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने ते बाहीने पुसलं.

"लागलं?"

"थोडं."

"हनुवटी कुठे होती?"

त्याने हनुवटी छातीवर दाबली, मला दाखवली, आणि गादीच्या कडेला जाऊन पाठ करून उभा राहिला.